खेकडा बादलीत का गुदमरतो?

पावसाळ्यात डिंभे, माणिकडोह धरणांच्या परिसरातल्या ओढ्यांवर खेकडे धरणारा नवखा माणूस ते पाण्याने भरलेल्या बादलीत टाकतो. थोड्या वेळाने ते निपचित पडू लागतात. पाण्यातला जीव पाण्यात कसा मरतो?

खेकड्याचे कल्ले कवचाखाली दोन्ही बाजूंच्या कप्प्यांत असतात. ते ओले राहिले, की हवेतला ऑक्सिजनही रक्तात उतरतो. एक लिटर हवेत सुमारे २८० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. २५ अंशांच्या पाण्यात जेमतेम ८. साचलेल्या पाण्यातला हा तुटपुंजा साठा दाटीने कोंबलेले खेकडे बघता बघता संपवतात.

म्हणून होडी असो, कयाक असो की काठ, खेकडे पाण्यात बुडवू नका. हवा खेळेल अशा टोपलीत ठेवा, वर ओलं गोणपाट टाका आणि टोपली सावलीत ठेवा. गारव्यात त्यांची ऑक्सिजनची गरजही घटते. नांग्या बांधल्या, तर ते एकमेकांचे पाय तोडत नाहीत.

मेलेला खेकडा मात्र टाकूनच द्या. त्याच्या पचनग्रंथीतली विकरं आणि जिवाणू मांस झपाट्याने नासवतात. कालवण पुरेसं उकळा. कच्च्या खेकड्यातून फुफ्फुसात कृमी जाऊ शकतात.

पोटाखाली अंडी किंवा पिल्लं असलेली मादी मिळाली, तर तिथेच सोडा. गोड्या पाण्यातल्या खेकड्यांच्या अंड्यांतून थेट इवले खेकडेच निघतात. तिला सोडलं, तरच ओढा खेकड्यांनी भरलेला राहील.