काळे पाते, पांढरी धार

विळा, कोयता, कुऱ्हाड, सुरी ही हत्यारे आपण नेहमी पाहतो. लोहाराकडून आणलेल्या नव्या विळ्याचे पाते काळे असते. त्याची धार मात्र चांदीसारखी चमकते. असे का बरे होते? हा काळा थर कशाचा असतो? तो किती टिकतो? चला, माहिती करून घेऊ.

मोहाडी हे भंडारा जिल्ह्यातील तालुक्याचे गाव आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा भाग धानासाठी प्रसिद्ध आहे. पावसाळा संपला, की येथे धानाची कापणी सुरू होते. आता कापणीची यंत्रे आली आहेत; पण लहान बांधीत किंवा चिखलात यंत्र नेणे कठीण जाते. तेथे विळाच कामाला येतो. विळा चांगला असेल, तर काम भराभर होते. तो बोथट असेल, तर हात दुखतो आणि मजुरी बुडते. म्हणून विळ्याची काळजी घेणे हा पोटापाण्याचा प्रश्न आहे.

लोहार लोखंडाचा तुकडा भट्टीत घालतो. भाता चालतो, निखारे फुलतात आणि लोखंड लालबुंद होते. अशा तापलेल्या लोखंडाचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होतो व त्यावर काळा थर तयार होतो. ऐरणीवर घणाचे घाव बसले, की या थराच्या खपल्या उडतात. ऐरणीभोवती पडलेल्या या काळ्या खपल्यांजवळ लोहचुंबक नेऊन पाहा. त्या पटकन चिकटतात. पात्यावर उरलेला पातळ थर मात्र घट्ट बसलेला असतो. मग लोहार तापलेले पाते पाण्यात बुडवतो. याला 'पाणी देणे' म्हणतात. त्यामुळे पाते कठीण होते. शेवटी तो धार घासतो. तेथील काळा थर निघून जातो आणि आतले पोलाद उघडे पडते. म्हणून पाते काळे आणि धार पांढरी!

लोखंडाला गंज चढतो, तोही ऑक्सिजनमुळेच. गंजाला उर्दूत जंग म्हणतात. मग काळ्या थरात आणि गंजात फरक काय? गंज तांबूस आणि भुसभुशीत असतो. तो लोखंडाला धरून राहत नाही. त्याच्या फटींतून पाणी आत शिरते, खालचे लोखंड पुन्हा गंजते आणि पाते हळूहळू खाल्ले जाते. काळा थर मात्र दाट असतो. तो लोखंडाला चिकटून राहतो. त्यातही बारीक छिद्रे असतात. पण त्यांत तेल मुरले, की पाण्याला वाट मिळत नाही. म्हणजे काळा थर आणि तेल मिळून पात्याचे रक्षण करतात. एकट्या काळ्या थराला ते साधत नाही.

विदर्भात लोखंडाचे काम फार जुने आहे. नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी सापडली आहे. ती सुमारे २,७०० वर्षांपूर्वीची मानली जाते. अशा जुन्या ठिकाणांहून निघणारी लोखंडी हत्यारे बहुधा गंजलेलीच असतात. काळजी घेतली नाही, तर लोखंड पुन्हा मातीत जाते.

सगळे काळे थर सारखे नसतात. कारखान्यात पोलादाची वस्तू कॉस्टिक सोडा व इतर क्षारांच्या सुमारे १४० अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रावणात बुडवतात. त्यामुळे तिच्यावर काळा थर येतो. तो केसापेक्षा कितीतरी पातळ असतो. काही पात्यांवर नुसता काळा रंग दिलेला असतो. तो जाड दिसतो. पण खिळ्याने खरवडला, की त्याचे पापुद्रे निघतात. अशी सुरी स्वयंपाकात वापरू नये, कारण ते पापुद्रे अन्नात जातात. आता टायटॅनियमयुक्त अतिशय कठीण थरही देतात. ते पुष्कळ दिवस टिकतात. पण दगडावर धार लावली, की धारेवरचा तो थरही निघून जातो.

काळा थर झिजतो कसा? पहिले कारण म्हणजे घासणे. धानाच्या तणसात सिलिका असते. वाळूतही तोच पदार्थ असतो. हजारो काड्या कापताना पाते जणू बारीक वाळूवर घासले जाते. दुसरे कारण म्हणजे आंबट पदार्थ. लिंबाच्या व चिंचेच्या आम्लात काळा थर हळूहळू विरघळतो. तिसरे कारण म्हणजे ओल आणि मीठ. घामात मीठ असते. घामट हातांनी हाताळलेले पाते तसेच ठेवले, तर त्यावर लवकर गंज चढतो.

म्हणून काम झाले, की विळा धुऊन कोरडा पुसावा. चिंचेने व राखेने घासून तो पांढरा करू नये. त्यावर तेलाचा पातळ हात फिरवावा. भंडारा जिल्ह्यात धानाच्या बांधीतच जवसाचेही पीक घेतात. जवसाचे तेल हवेत सुकून घट्ट होते आणि पात्यावर त्याचे पातळ कवच तयार होते. मात्र तेल जाड थापू नये. त्याला धूळ चिकटते. धारेवर तर काळा थर नसतोच. तिला रोज पुसून तेल लावावे लागते.

विळा काळा दिसला, म्हणून तो मळका समजू नका. तो काळेपणा त्याचा अंगरखा आहे. अंगरखा विरला, तरी तेलाचा हात फिरवणारे कोणी असेल, तर तोच विळा अनेक हंगाम साथ देतो.

स्वाध्याय

१. नव्या विळ्याची धार पांढरी का दिसते?
२. गंज आणि काळा थर यांतील फरक सांगा.
३. धान कापताना पात्याचा काळा थर का झिजतो?
४. तुमच्या घरातील लोखंडी हत्यारांची यादी करा. त्यांची काळजी कोण व कशी घेते, ते पाच वाक्यांत लिहा.