लाखाची मोटार : पहिले दर्शन आणि नंतरचा हिशेब

(द्वितीय वर्ष कला)

नव्या मोटारीचे अनावरण हा आता एक सोहळाच झाला आहे. दिवे मंद होतात, कापड ओढले जाते आणि जमलेले शौकीन चाकांपासून टपापर्यंत गाडी डोळ्यांनी मोजू लागतात. घरी परतेपर्यंत प्रत्येकाचे मत पक्के झालेले असते. ही पहिली मते कशावरून बनतात? आणि गाडीचे पुढे काय होणार याचा काही अंदाज त्यांतून लागतो का? या प्रश्नांच्या विचारासाठी प्रस्तुत लेखात मी एकच उदाहरण घेतले आहे, ते टाटा मोटर्सच्या नॅनोचे. तिची कथा आता पुरी झालेली असल्यामुळे आरंभीची मते आणि अखेर यांचा ताळा पाहता येतो.

गाडीमागील कल्पना

१० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या प्रगती मैदानावरील वाहन प्रदर्शनात रतन टाटा स्वतः नॅनो चालवीत व्यासपीठावर आले. एकाच स्कूटरवर नवरा, बायको आणि दोन मुले असे कुटुंब पावसातून जाताना पाहून या गाडीची कल्पना सुचली, असे त्यांनी अनेकदा सांगितले होते. किमतीचा आकडा एक लाख रुपये असा आधीच जाहीर होऊन बसला होता. कर आणि वाहतूक वगळून का होईना, तो पाळला गेला.

गाडीचे बहुतेक काम पुण्यात, टाटा मोटर्सच्या अभियांत्रिकी संशोधन केंद्रात झाले. तेथील तरुण अभियंत्यांच्या चमूचे नेतृत्व गिरीश वाघ यांच्याकडे होते. बाह्य रूपासाठी इटलीतील तुरीन येथील आयडिया इन्स्टिट्यूटचे साह्य घेतले होते. अगदी सुरुवातीला दारांऐवजी दांड्या आणि प्लास्टिकचे पडदे असलेल्या, चार चाकांच्या रिक्षासारख्या वाहनाचाही विचार झाला होता. परंतु लोकांना अर्धी मोटार नको आहे, हे लक्षात आल्यावर तो सोडून देण्यात आला. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे तो पुन्हा येणार आहे.

जागा कोठून आली?

शौकिनांना पहिले आश्चर्य वाटले ते आतल्या जागेचे. नॅनोची लांबी सुमारे ३.१ मीटर, म्हणजे मारुती ८०० पेक्षा जवळजवळ पाव मीटरने कमी. तरीही आतील जागा मारुतीपेक्षा २१ टक्के जास्त असल्याचे कंपनीने सांगितले होते. मागच्या आसनावर बसून पाहणाऱ्या उंच माणसांनाही गुडघे समोर टेकत नाहीत असा अनुभव आला.

यात जादू काही नव्हती. बहुतेक लहान मोटारींत इंजिन पुढे असते आणि त्यासाठी गाडीला नाक द्यावे लागते. नॅनोचे ६२४ सीसीचे, दोन सिलिंडरचे इंजिन मागे, मागच्या आसनापलीकडे बसवलेले होते आणि ते मागचीच चाके फिरवीत होते. त्यामुळे पुढचे नाक आखूड झाले आणि मागील चाकांपर्यंत शक्ती नेणाऱ्या लांब दांड्यासाठी तळात उंचवटा करावा लागला नाही. चाके गाडीच्या अगदी कोपऱ्यांत सरकवली होती. पुढच्या आणि मागच्या चाकांतील अंतर २.२३ मीटर, म्हणजे लांबीच्या सुमारे सत्तर टक्के. टप उंच ठेवला होता. माणूस खुर्चीत बसल्यासारखा ताठ बसला की त्याचे पाय पुढे पसरण्याऐवजी खाली जातात आणि कमी लांबीत भागते. ज्यांनी हे ओळखले त्यांनी पहिल्या दिवशीच गाडीला दाद दिली.

अर्थात ही युक्ती अगदी नवी नव्हे. १९५७ च्या फियाट ५०० मध्येही दोन सिलिंडरचे इंजिन मागेच होते. १९५९ च्या मिनीत अॅलेक इसिगोनिस यांनी उलट मार्ग धरला. त्यांनी इंजिन पुढेच, पण आडवे बसवून जागा वाचवली. लहान मोटारीची रचना म्हणजे बव्हंशी इंजिन कोठे लपवायचे याचाच विचार असतो.

नसलेल्या वस्तू

दुसरे निरीक्षण होते गाडीत काय नाही याचे. वायपर एकच. बाहेरचा आरसा एकच, तोही चालकाच्या बाजूला. प्रत्येक चाकाला चारऐवजी तीनच नट. मागचा दरवाजा दरवाजासारखा दिसे, पण उघडत नसे. सामान ठेवायचे तर मागच्या आसनाची पाठ पाडावी लागे. पेट्रोल भरण्याचे तोंड पुढच्या बॉनेटखाली आणि टाकी १५ लिटरची. गिअर चार. मूळ प्रकारात वातानुकूलन नव्हते, पॉवर स्टिअरिंग नव्हते आणि रेडिओही नव्हता.

ही यादी वाचून हसू येणे सोपे आहे. परंतु यातील कित्येक गोष्टींमागे सरळ विचार होता. गाडीचे वजन सुमारे सहाशे किलो. एवढ्या हलक्या गाडीच्या चाकाला तीन नट पुरतात. काच अरुंद असल्याने एक मोठा वायपर तिच्यावर पोचतो. मागे मोठे भोक ठेवले की सांगाडा कमकुवत होतो, मग त्याला बळकटी द्या, बिजागऱ्या लावा, कुलूप बसवा. ते बंदच ठेवले की कमी पत्र्यात जास्त ताठरपणा मिळतो. पुढची चाके मागच्यांपेक्षा अरुंद होती, कारण वजन मागे होते. पुढचे टायर अरुंद ठेवल्याने अशा गाडीची शेपूट वळणावर बाहेर फेकली जाण्याचा धोका कमी होतो आणि स्टिअरिंगही हाताला हलके लागते.

माझे वडील तालुक्याच्या गावी एका गॅरेजमध्ये मिस्त्री आहेत. त्यांच्याकडे अजूनही एक-दोन नॅनो दुरुस्तीला येतात. ते म्हणतात, “हिचं बॉनेट उघडून इंजिन हुडकणारा माणूस नवखा समजायचा.” पुढे स्टेपनी असते; इंजिनापर्यंत जायचे तर मागचे आसन पाडून खालचे झाकण स्क्रू काढून उचलावे लागते. त्यांची तक्रार एवढीच की मिस्त्रीला वाकावे फार लागते. इंजिन साधे आहे, पेट्रोल कमी खाते आणि गल्लीत कोठेही वळते, हे ते मोकळेपणाने मान्य करतात.

माझ्या मते गाडीतील नसलेल्या वस्तूंचे तीन वर्ग करता येतात. पहिला वर्ग, ज्यांची उणीव कोणाला जाणवतच नाही. चौथा नट हा त्यातला. दुसरा, ज्यांच्यावाचून रोज थोडी अडचण होते, जसा उघडणारा मागचा दरवाजा. आणि तिसरा वर्ग अशा वस्तूंचा, की ज्यांच्या अभावी माणसाच्या जिवाला किंवा मानाला धक्का लागतो. शौकिनांची नजर पहिल्या दोन वर्गांत तरबेज असते. तिसरा वर्ग प्रदर्शनाच्या झगमगाटात सहसा दिसत नाही.

आकडे काय सांगत होते?

२३ मार्च २००९ रोजी मुंबईत गाडी बाजारात आणली गेली. एप्रिलमधील नोंदणीत दोन लाखांहून अधिक लोकांनी पैसे भरले आणि पहिल्या एक लाख गाड्यांसाठी सोडत काढावी लागली. या नोंदणीतील एक तपशील मला फार बोलका वाटतो. सर्वांत स्वस्त मूळ प्रकार मागणारे होते सुमारे २० टक्के. सर्वांत महाग प्रकार मागणारे सुमारे ५० टक्के. म्हणजे जगातील सर्वांत स्वस्त मोटार घ्यायला आलेल्या निम्म्या लोकांना ती सर्वांत स्वस्त स्वरूपात नकोच होती. दारांऐवजी पडदे लावण्याचा विचार ज्या कारणाने सोडून दिला, तेच हे कारण.

त्यानंतर अडचणी आल्या. पश्चिम बंगालमधील सिंगूर येथील जमिनीच्या आंदोलनामुळे ऑक्टोबर २००८ मध्येच कारखाना तेथून हलवण्याचा निर्णय झाला होता. गुजरातमधील साणंदचा कारखाना जून २०१० मध्ये सुरू झाला. काही गाड्यांना आगी लागल्याच्या बातम्या आल्या आणि कंपनीने जादा संरक्षक भाग विनामूल्य बसवून देण्याचे जाहीर केले. नोव्हेंबर २०१० मध्ये देशभरात अवघ्या ५०९ नॅनो विकल्या गेल्या. पुढे २०११-१२ मध्ये विक्री ७४,५२७ वर गेली. तो उच्चांक ठरला. साणंदची क्षमता होती वर्षाला अडीच लाख गाड्यांची. २०१४ मध्ये पॉवर स्टिअरिंग आले, २०१५ मध्ये मागचा दरवाजा उघडू लागला आणि आपोआप बदलणारे गिअरही मिळू लागले. परंतु तोवर किंमत दोन लाखांच्या घरात पोचली होती. जून २०१८ मध्ये साऱ्या महिन्यात एकच नॅनो तयार झाली आणि त्यानंतर लवकरच हे पर्व संपले.

उशीर आणि आगींच्या बातम्या यांनी नुकसान केलेच. पण सर्वांत खोल घाव ‘सर्वांत स्वस्त’ या बिरुदाने घातला, हे पुढे खुद्द रतन टाटांनीही मान्य केले. आपल्याकडे मोटार दारात उभी राहते ती केवळ जाण्यायेण्यासाठी नव्हे. तिला हार घालतात, नारळ फोडतात, आळीत पेढे वाटतात. ज्या वस्तूची किंमत साऱ्या देशाला पाठ आहे, तिचे पेढे वाटताना हात आखडतो. १९८३ ची मारुती ८०० देखील लहान आणि परवडणारी होती. पण ती ‘नव्या काळाची गाडी’ म्हणून आली, ‘गरिबाची गाडी’ म्हणून नव्हे.

आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. फी-सवलतीचा अर्ज भरताना वडिलांच्या उत्पन्नाचा आकडा सर्वांसमोर मोठ्याने विचारला जातो, तेव्हा सवलत मिळाल्याचा आनंद असतोच. पण तो आकडा आपल्या नावाला चिकटू नये असेही वाटते. मदत हवी असणे आणि मदतीचा शिक्का नको असणे, या दोन्ही गोष्टी एकाच मनात असतात. नॅनोच्या ग्राहकाचे मन मला यावरून समजते. त्याला लाखाची गाडी हवी होती. ‘लाखाची गाडी’ हे नाव नको होते.

एक उलट उदाहरण

१९४८ साली पॅरिसच्या प्रदर्शनात सित्रोएनने ‘टू सीव्ही’ ही मोटार मांडली. ३७५ सीसीचे, जेमतेम ९ अश्वशक्तीचे इंजिन आणि वर कापडी छत. दोन शेतकरी आणि बटाट्यांचे पोते घेऊन ती जावी, नांगरलेल्या शेतातून नेताना टोपलीतील अंडी फुटू नयेत, अशी तिच्या रचनेमागील अट होती. वृत्तपत्रांनी तिची टर उडवली. पण थोड्याच काळात तिच्यासाठी ग्राहकांना वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली. ती १९९० पर्यंत तयार होत राहिली आणि तिची संख्या ३८ लाखांवर गेली.

एका गाडीला पहिल्या दिवशी टाळ्या मिळाल्या आणि तिचे पर्व दहा वर्षांत आटोपले. दुसरीला हसे मिळाले आणि ती चाळीस वर्षे चालली. फ्रेंच शेतकऱ्याला घोडागाडीच्या जागी काम करणारे यंत्र हवे होते आणि ते त्याला मिळाले. भारतीय कुटुंबाला स्कूटरवरून खाली उतरायचे होते. त्याला काम हवे होते तसा मानही हवा होता. दोन्ही गाड्यांच्या पहिल्या परीक्षकांनी यंत्र पाहिले, घेणाऱ्याची गरज मात्र फारशी पाहिली नाही.

जिवाचा प्रश्न

तिसऱ्या वर्गातील दुसरी बाब सुरक्षिततेची. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातील पाच लोकप्रिय लहान मोटारींच्या धडक-चाचण्यांचे निकाल जाहीर केले. ताशी ६४ किलोमीटर वेगाच्या त्या चाचणीत नॅनोला प्रौढांच्या संरक्षणासाठी शून्य तारे मिळाले. न्याय करायचा तर हेही सांगितले पाहिजे की उरलेल्या चार गाड्यांच्या, एअरबॅग नसलेल्या प्रकारांनाही शून्यच मिळाले आणि त्यांपैकी काही परदेशी नावाजलेल्या कंपन्यांच्या होत्या. चालकासाठी एअरबॅग आपल्याकडे सक्तीची झाली ती जुलै २०१९ पासून. म्हणजे इतकी वर्षे आपण रंग, दिवे आणि मायलेज यांवर हिरिरीने वाद घातले, आणि धडक झाल्यास आतील माणसाचे काय, हा प्रश्न क्वचितच विचारला. तरीही स्कूटरवरच्या चौघांपेक्षा त्या चार भिंतींतले चौघे अधिक सुरक्षित, हा नॅनोच्या बाजूचा युक्तिवाद मला आजही पूर्णपणे खोडता येत नाही.

उपसंहार

तेव्हा शौकिनांची पहिली मते फोल असतात असे नव्हे. नॅनोची जागा, तिचे वळणे आणि तिची काटकसर यांबद्दल त्यांनी पहिल्या दिवशी जे म्हटले ते दहा वर्षांनीही खरेच राहिले. मात्र नवी लहान मोटार पाहताना आपण आणखी दोन प्रश्न जवळ बाळगावेत. यातील कोणती वस्तू विचारपूर्वक वगळली आहे, आणि कोणती वगळल्याची किंमत आत बसणाऱ्याने मोजायची आहे? आणि ही गाडी घेणाऱ्याला लोक काय म्हणून ओळखतील?

आमच्या गॅरेजसमोर एक पिवळी नॅनो नेहमी येते. तिचे मालक शाळेतून निवृत्त झालेले शिपाई आहेत. त्यांनी मागच्या काचेवर मुलांची नावे रंगवून घेतली आहेत आणि दर दसऱ्याला ते झेंडूची माळ पुढच्या बॉनेटवर घालतात. आत इंजिन नाही, फक्त स्टेपनी आहे, हे त्यांना चांगले ठाऊक आहे.