आम्लधर्मी जमिनीतला द्विदल चारा: चुना किती आणि कुठे?

मंडळी, घाटावर लसूणघास तीन-तीन वर्षं कापण्या देतो. तोच कोकणातल्या जांभ्याच्या मातीत पेरला, तर उगवतो चांगला आणि पुढे पिवळा पडत जातो. युरिया टाकला की तेवढ्यापुरता हिरवा. का बरं?

खरं तर त्या युरियानेच उत्तर दिलंय. झाड नत्राला भुकेलेलं आहे. द्विदल पिकाला नत्र हवेतून मिळवून देतात ते मुळांवरच्या गाठींतले रायझोबियम जिवाणू. पण जांभ्याच्या मातीतला चुना पावसाने धुऊन जातो, सामू उतरतो, आणि लसूणघासाचे जिवाणू आम्लात तग धरत नाहीत. सामू पाचाच्याही खाली गेला, तर मातीतलं ॲल्युमिनियम विरघळून मुळांची वाढच खुंटते.

घरी गेल्यावर एक रोप खणून काढा. उपटू नका, गाठी मातीत राहतील. गाठ नखाने कापून बघा. आत गुलाबी असेल तर काम चालू आहे. पांढरट किंवा हिरवट असेल, तर ती गाठ नुसतीच बसून खातेय!

सगळ्या शेताला चुना द्यायचा म्हणजे हेक्टरी टनाचा हिशेब. ऑस्ट्रेलियात १९५०च्या दशकात स्वस्त तोड निघाली: बियाण्याला डिंकातून जिवाणू चोळायचे आणि वरून चुनखडीच्या बारीक भुकटीचा लेप द्यायचा. बी रुजतं तेवढ्या जागेपुरतं आम्ल मारलं जातं. मात्र कळीचा किंवा विरवलेला चुना इथे चालणार नाही, त्याने जिवाणूच मरतात.

कधी गाठी असतात, पण काम करत नाहीत. १९४२ मध्ये ए. जे. अँडरसन यांनी दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या क्लोव्हरच्या कुरणांत याचं एक कारण दाखवलं: मॉलिब्डेनमची कमतरता. नत्र बांधणाऱ्या विकराला ते लागतं आणि आम्ल मातीत ते अडकून बसतं. गरज हेक्टरी काही ग्रॅमची. हौसेने जास्त टाकलंत, तर चाऱ्यातून ते जनावराच्या पोटात जातं आणि अंगातलं तांबं कमी पडून जनावर हगवणीला लागतं. म्हणून माती तपासल्याशिवाय हात लावू नका.

माझं विचाराल, तर वरकस जमिनीत लसूणघासाचा हट्ट नको. तिथे स्टायलो लावा. अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली ही वनस्पती आम्ल आणि कमी स्फुरद दोन्ही सोसते, आणि तिला चालणारे चवळीच्या गटातले जिवाणू आपल्या मातीत बहुधा असतातच. लसूणघास हवाच असेल, तर विहिरीजवळच्या चार वाफ्यांत, पेरणीआधी चुना मिसळून.