सौर ऊर्जेवरील कुक्कुटगृह

ज्या खुराड्यात किंवा कोंबड्यांच्या शेडमध्ये हिवाळ्यात लागणारा प्रकाश व ऊब पूर्णतः अथवा अंशतः सूर्यापासून मिळवली जाते, त्यास सौर ऊर्जेवरील कुक्कुटगृह असे म्हणतात. प्रकाशासाठी सौर पॅनेल, विजेरी संच (बॅटरी) व एलईडी दिवे वापरले जातात; उष्णतेसाठी मात्र उन्हाची ऊब थेट साठवणाऱ्या पद्धती अधिक उपयुक्त ठरतात. कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यातील पेठ वडगाव व त्याच्या परिसरासारख्या सौम्य हिवाळ्याच्या प्रदेशात या दोन गरजांचे प्रमाण कसे असते, याचे विवेचन या लेखात केले आहे.

हिवाळ्यातील गरज

पेठ वडगाव सुमारे १६.८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. येथे डिसेंबरअखेरचा दिवस सुमारे ११ तासांचा, तर जूनमधील सर्वांत मोठा दिवस सुमारे १३ तासांचा असतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान साधारणतः १५ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरते. पूर्ण वाढलेली, पिसांनी झाकलेली कोंबडी हा गारवा सहज सोसते. तिचे खाद्य थोडे वाढते इतकेच. त्यामुळे प्रौढ कोंबड्यांसाठी येथे कृत्रिम उष्णतेची गरज नसते. अंडी देणाऱ्या कोंबड्यांना प्रकाश हवा असतो आणि ऊब हवी असते ती लहान पिल्लांना.

नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाच्या अंगावर केवळ मऊ लव असते व शरीराचे तापमान राखण्याची क्षमता पुढील दोन-तीन आठवड्यांत विकसित होते. म्हणून पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर सुमारे ३५ अंश तापमान ठेवतात व पुढे दर आठवड्याला ते सुमारे ३ अंशांनी कमी करतात. रात्री वीज गेली व ऊब तुटली, तर पिल्ले एका कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरून मरतात. या मरतुकीचा फटका लहान कुक्कुटपालकाला सर्वाधिक बसतो.

प्रकाशयोजना

प्रकाश डोळ्यांतून व कवटीतूनही कोंबडीच्या मेंदूपर्यंत पोहोचतो आणि तेथील पीयूष ग्रंथीला अंडाशय उद्दीपित करणारी संप्रेरके स्रवण्याचा संकेत मिळतो. त्यामुळे दिवस लहान झाला की अंडी कमी होतात. अंड्यावरील कोंबड्यांना एकूण १४ ते १६ तास प्रकाश देण्याची पद्धत आहे. डिसेंबरात त्यासाठी ३ ते ५ तासांची भर घालावी लागते. ही भर एकदम न घालता दर आठवड्याला १५ ते ३० मिनिटांनी वाढवतात आणि अंडी चालू असताना प्रकाशाचा काळ घटवत नाहीत. वाढीच्या वयातील तलंगांना मात्र वाढता प्रकाश देत नाहीत. त्याने त्या अकाली अंड्यावर येतात.

भर शक्यतो पहाटे दिली जाते. संध्याकाळी दिवा अचानक मालवल्यास कोंबड्या बसण्याच्या जागी पोहोचण्याआधीच अंधारात सापडतात.

शंभर कोंबड्यांच्या सुमारे २०० चौरस फुटांच्या शेडला ५ वॅटचे दोन एलईडी दिवे पुरतात. पाच तासांत ते केवळ ५० वॅट-तास, म्हणजे ०.०५ युनिट वीज घेतात. ४० वॅटचे एक पॅनेल, १२ व्होल्ट व १२ अँपिअर-तासाची लिथियम बॅटरी आणि वेळ ठरवणारे टायमर एवढ्यात हे काम होते. ढगाळ दिवस आला तरी आणखी एक रात्र निभावते.

उष्णतेची व्यवस्था

उष्णतेचा हिशेब वेगळा आहे. हिवाळ्यात ब्रूडरमध्ये दर पिल्लामागे सुमारे २ वॅट धरले, तर शंभर पिल्लांना २०० वॅट व बारा तासांच्या रात्रीला २.४ युनिट वीज लागते. ही गरज प्रकाशाच्या जवळजवळ पन्नासपट आहे. ती पॅनेलवर भागवण्यासाठी ७०० ते ८०० वॅटची पॅनेले आणि १५० अँपिअर-तासाच्या तीन शिसे-आम्ल बॅटऱ्या लागतात, कारण अशी बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी केल्यास तिचे आयुष्य घटते.

याउलट पाणी उष्णता स्वस्तात साठवते. २०० लिटर पाणी ६० अंशांवरून ४० अंशांपर्यंत निवताना सुमारे ४.६ युनिट उष्णता देते. वाटेत निम्मी वाया गेली, तरी शंभर पिल्लांची रात्र बहुतांशी निघते. घरांच्या गच्चीवर असतो तसा सौर बंब, वेष्टित टाकी आणि ब्रूडरच्या तळाशी फिरवलेली नळी यांतून ही योजना साकारते. पाणी खेळवणारा लहान पंप दिव्यांना जोडलेल्या संचाच्या जातीच्याच, थोड्या मोठ्या संचावर चालतो. कोळशाच्या शेगडीतून निघणारा विषारी कार्बन मोनॉक्साइड आणि तापलेला बल्ब भाताच्या तुसावर पडून लागणारी आग हे दोन्ही धोके यात टळतात.

इमारतीची रचना

शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवतात. डिसेंबरात दुपारी सूर्य दक्षिणेकडे सुमारे ५० अंश उंचीवर असल्याने ऊन दक्षिणेच्या जाळीतून आत येते. मे महिन्याच्या पूर्वार्धात तो माथ्यावर असल्याने पाखीखाली सावली राहते. काचेआडच्या काळ्या, जाड भिंतीत दिवसाची ऊब साठवण्याची पद्धतही आहे. फ्रेंच अभियंता फेलिक्स ट्रॉम्ब यांच्या नावाने ती ओळखली जाते. १९६७ मध्ये फ्रान्समधील ओदेयो येथे अशा भिंतीचे घर बांधले गेले. येथील कडक उन्हाळ्यात मात्र अशी भिंत झाकावी लागते.

रात्री पोत्यांचे पडदे सोडताना वरची फट उघडी ठेवणे आवश्यक असते. अन्यथा विष्ठेतील अमोनिया व दमटपणा कोंडून श्वसनाचे विकार होतात.

मर्यादा

महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा उद्देश शेतीपंपांना दिवसा वीज देणे हा आहे. ब्रूडरची गरज रात्रीची असल्याने येथे साठवण अटळ ठरते. ऊसतोडीच्या हंगामात जाळलेल्या पाचटाची काजळी पॅनेलवर बसते. ती वरचेवर पुसावी लागते. हिवाळ्यात आकाश निरभ्र असते, परंतु जून ते ऑगस्टच्या झडीत पिल्लांना ऊब हवी असते आणि ऊन नसते. त्या काळासाठी वीज, गॅस किंवा बुखारीची पर्यायी सोय ठेवावीच लागते.

हे सुद्धा पहा

कुक्कुटपालन
सौर ऊर्जा
सौर जलतापक
पेठ वडगाव