लाट नसलेली जागा

कोकणात भरतीची वेळ काढायला मोबाइल लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की झालं. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती, बाराच्या सुमारास पूर्ण ओहोटी. पोरं घेऊन समुद्रावर जाणाऱ्यांनी दिवाळीत तरी हा हिशेब करावा. लक्ष्मीपूजन अमावास्येचं, त्यामुळे भाऊबीजेला पाणी उधाणाचं असतं. द्वितीयेची पाऊणपट दीड. दीडला भरती भरते आणि जेवून, जरा लवंडून पाहुणे चार वाजता पाण्यात शिरतात तेव्हा ओहोटीला ऐन जोर चढलेला असतो.

अशाच एका दुपारी दापोलीजवळ कर्द्याच्या किनाऱ्यावर जीवरक्षकासोबत थांबलो होतो. त्याचं लक्ष लाटांपेक्षा माणसांवर जास्त होतं: कोण कुठून उतरतंय, कोणाची पाठ समुद्राकडे आहे. दोन्ही बाजूंना लाटा फुटत होत्या आणि मधे एक पट्टा गुळगुळीत, जरा काळसर दिसत होता. एक बाप पाच-सहा वर्षांच्या लेकीला घेऊन नेमका तिथेच निघाला. कोणीही तेच केलं असतं. पण लाटांनी किनाऱ्यावर लोटलेलं पाणी परत जायला वाट शोधतं, आणि वाळूच्या दांड्यात खोलगट जागा सापडली की तिथून जोरात आत ओढलं जातं. खोली जास्त म्हणून तिथे लाट फुटत नाही, एवढंच.

शिट्टी वाजली. "दादा, इकडे या, फेस आहे तिकडे!"

"अहो, लहान आहे ती. लाटा लागतील."

"लाट बाहेर आणून टाकते. ते पाणी आत नेतं."

बाप कुरकुरत सरकला. जीवरक्षकाचा बहुतेक दिवस असा शिट्टीत आणि लोकांचा राग झेलण्यात जातो. पाण्यात उडी घ्यावी लागली तर आधी कुठेतरी आपलं लक्ष चुकलं, असं तो धरून चालतो.

हवा भरलेल्या रबरी रिंगवर त्याचा विशेष राग. हिवाळ्यात सकाळी मतलई सुटते, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे वारा. मूल रिंगमध्ये मजेत बसलेलं असतं आणि वारा त्याला बाहेर नेत असतो. पाणी सपाट असल्याने कोणाला शंकाही येत नाही. बोटीवर मिळणाऱ्या लाइफ जॅकेटचंही तसंच. मोठ्यांचं जॅकेट पट्टे आवळून मुलाला चढवतात. ते खांद्यांशी धरून वर उचलून पाहावं. कानांपर्यंत सरकलं तर पाण्यात डोक्यावरून निघणारच. कपड्यांचा रंगही बघावा. निळं-पांढरं पाण्यात हरवतं, भडक नारिंगी लांबून दिसतं.

मोठं कुटुंब असलं की धोका वाढतो, हे ऐकायला विचित्र वाटेल. आजी, मावशी, दोन काका. प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्याचं लक्ष आहे. त्यापेक्षा एकाने नाव घेऊन जबाबदारी घ्यावी, मोबाइल पिशवीत टाकावा आणि मुलापासून हातभर अंतरावर, त्याच्या समुद्राकडच्या बाजूला उभं राहावं. काठावर खुर्ची टाकून लक्ष ठेवणं पुरत नाही, कारण बुडणारं मूल बहुधा ओरडत नाही. श्वास घ्यायलाच तोंड पुरत नाही, तर हाक कुठून मारणार? मान मागे पडते, तोंड पाण्याच्या पातळीला येतं, हात पाणी खाली दाबत राहतात. लांबून ते खेळल्यासारखंच दिसतं.

बाहेर काढलेल्या मुलाला उलटं टांगणं, पोट दाबून पाणी काढणं आजही सर्रास चालतं. त्यात मोलाचा वेळ जातो आणि उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते. श्वास चालू नसेल तर मुलाला सपाट आडवं करून आधी तोंडाने पाच श्वास द्यायचे, मग छातीवर दाब सुरू करायचे, आणि त्याच वेळी दुसऱ्या कोणीतरी 112 लावायचा. मूल रडायला लागलं, बोलायला लागलं, तरी त्याला दवाखान्यात दाखवायचं.