सर्कशीचं सामान वाडीतच पडलंय

हरिहरेश्वरात दुपारी वारा पडलेला असतो. जेवणं उरकलेली असतात, खाणावळीच्या मागच्या वाडीत कुणी नसतं, आणि एकदम वरून सपकन काहीतरी खाली येतं. पोफळीचं झाप. त्याच्या बुडाला असते विरी. हातभर लांब, पन्हळीसारखी वळलेली, चामड्यासारखी चिवट. घरातलं पोर आवाज ऐकूनच धावत येतं, विरीवर फतकल मारून बसतं आणि ओरडतं, "ओढ रे!" दुसरं पोर झापाचा शेंडा धरून सुटतं.

मागच्या सुट्टीत अशाच एका अंगणात मुंबईहून आलेला सात-आठ वर्षांचा मुलगा हे बघत उभा होता. हातात वडिलांचा मोबाईल. पाच मिनिटांत मोबाईल ओट्यावर गेला आणि मुलगा विरीवर. आणखी दहा मिनिटांनी त्याचे वडील विरीवर बसलेले आणि तीन पोरं मिळून त्यांना ओढताहेत. बाप चांगला ऐंशी किलोचा, पण विरी काही फाटली नाही. घरातल्या आजी एवढंच म्हणाल्या, "अहो, दगड चुकवा, नाहीतर बसायचं दुखेल."

मुलांच्या खेळण्यांबद्दल मी बरीच वर्षं लिहितो आहे. माझी कसोटी तेव्हापासून एकच आहे: ज्या खेळण्यावर बापही बसू शकतो, ते चांगलं. नुसतं मुलाच्या हातात देऊन मोठ्यांनी बाजूला व्हायचं, असली खेळणी घरात आठवडाभर टिकतात. सगळं घर ज्याच्याशी झोंबतं, ते वर्षानुवर्षं राहतं.

युरोप-अमेरिकेत अशा खेळण्यांना 'सर्कशीची खेळणी' म्हणतात. उडवून झेलायचे चेंडू, काठीवर फिरवायच्या थाळ्या, दोरीवर नाचवायचा डमरूसारखा भोवरा, चालायच्या उंच काठ्या. हाताने केलेली, लाकडाची नि जाड कापडाची, आणि महागडी. पण ही मूळची सर्कशीची नव्हेतच. तंबूत जाण्याआधी ती अंगणातच होती. सर्कशीने ती उचलली, चमकदार कपडे घातले आणि तिकीट लावलं.

आपल्याकडे तर हा प्रवास अगदी सरळ दिसतो. सांगलीकडच्या अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे हे चाबुकस्वार, संस्थानी पागेतले तरबेज गृहस्थ. इटालियन कियारिनीची सर्कस मुंबईत आली, ती त्यांनी पाहिली आणि असं काहीतरी आपणही करायचं म्हणून उभे राहिले. 20 मार्च 1880 रोजी त्यांच्या 'द ग्रेट इंडियन सर्कस'चा पहिला खेळ झाला. हिंदुस्थानी माणसाची ही पहिली आधुनिक सर्कस, आणि ती मराठी. पुढे याच सर्कशीमुळे केरळातल्या तलश्शेरीचे कसरत-शिक्षक किलेरी कुन्हिकण्णन यांना नाद लागला आणि त्यांनी तिथे सर्कशीचं शिक्षण सुरू केलं. पुण्यात 1902 मध्ये जन्मलेले दामू धोत्रे तर मामांच्या, म्हणजे शेलारांच्या सर्कशीतून निघून पुढे अमेरिकेतल्या रिंगलिंग ब्रदर्सच्या पिंजऱ्यात वाघ-बिबट्यांसमोर उभे राहिले.

सर्कशीला अशी माणसं मराठी मुलखात सहज कशी मिळाली? माझं उत्तर असं की, आखाड्यात आणि अंगणात ती आधीच तयार होत होती. मल्लखांबच घ्या. त्याचं पुनरुज्जीवन केलं ते दुसऱ्या बाजीरावांच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी. आणि पेशव्यांचं मूळ गाव श्रीवर्धन, हरिहरेश्वरहून गाडीने जेमतेम अर्ध्या-पाऊण तासावर. एरंडेल चोळलेल्या गुळगुळीत लाकडावर पायांनी पकड घ्यायची, हे ज्याला जमलं त्याला झुला काय अवघड?

विटीदांडूत विटी पावलावर, मुठीवर, डोळ्यावर तोलून टोला मारायचा असे, तो तोलाचाच खेळ. भोवरा जमिनीला टेकू न देता जाळीच्या झटक्याने थेट तळहातावर घ्यायचा, ती हातजाळी. हे हस्तकौशल्याचे खेळ आपण सर्कस न म्हणता खेळलो.

सगळ्यांत जवळचं नातं आहे ते सागरगोट्यांचं. एक गोटा वर, तेवढ्यात खालचे दोन उचल, वरचा झेल. किनारपट्टीवरच्या काटेरी वेलीला काटेरीच शेंगा येतात, त्यातल्या ह्या राखाडी, गारगोटीसारख्या बिया. आत पोकळी असते म्हणून पाण्यावर तरंगतात आणि समुद्रप्रवाहाबरोबर हजारो मैल जाऊन परक्या किनाऱ्याला लागतात. झेलण्याचा खेळही परक्या किनाऱ्यांवर होताच. पॅसिफिकमधल्या टोंगा बेटांवर 1770च्या दशकात कॅप्टन कुकच्या जहाजावरच्या निसर्गअभ्यासकाने एक मुलगी पाहिली होती. लहान सफरचंदाएवढे पाच गोल भोपळे ती एकामागून एक उडवत होती, झेलत होती आणि पाव तास तिचा एकही झेल चुकला नाही. आपल्या आज्या ओटीवर बसून करायच्या, त्याचीच ती थोरली बहीण.

आता प्रत्यक्ष कामाकडे येतो, कारण हे वाचून कुणी एक चेंडूही शिवला नाही तर लेखाचा उपयोग नाही.

झेलायचा चेंडू रबराचा नको. तो सुटला की उड्या मारत विहिरीकडे जातो आणि अर्धा खेळ शोधण्यात संपतो. पडला तिथेच बसणारा हवा. जुन्या सुती मोज्याचा पुढचा भाग घ्या. त्यात शंभर-सव्वाशे ग्रॅम चिंचोके भरा. तांदूळ किंवा नाचणीही चालते, हाताला मऊ लागते, पण किनाऱ्याच्या दमट हवेत धान्याला बुरशी येते नि कीड लागते. चिंचोके टणक, ते त्यामानाने टिकतात. गच्च भरू नका, मुठीत दाबल्यावर थोडा दबला पाहिजे. तोंड बांधून त्यावर दुसरा मोजा उलट्या बाजूने चढवा आणि दुहेरी टीप घाला. फाटला तर ठिगळ लावा. असे तीन, प्रत्येक वेगळ्या रंगाचा.

उडवताना भिंतीकडे किंवा पलंगाकडे तोंड करून उभं राहायचं, म्हणजे चेंडू पुढे पळत नाही. आधी एकच. उजव्या हातातून डोळ्यांच्या उंचीपर्यंत, कमानीने, डाव्या हातात. मग दोन. पहिला कमानीच्या माथ्यावर पोचला की दुसरा त्याच्या आतल्या बाजूने सोडायचा. नवशिका इथेच घाई करतो, दुसरा वर न टाकता नुसता हातातून हातात देतो. दोन नीट जमले की तिसरा आपोआप येतो, फार तर आठवडा लागेल.

आणि आता घरच्यांसाठी खरी गंमत. आई नि मुलगी खांद्याला खांदा लावून उभ्या राहतात, आतले हात एकमेकींच्या कमरेला. आईचा बाहेरचा हात नि मुलीचा बाहेरचा हात, असे दोघींचे मिळून दोन हात, चेंडू तीन. दोघींचा एकच माणूस होतो. यात मूल कमी पडतं असं नाही, उलट बहुतेक वेळा आईच चुकते आणि मुलगी तिला समजावते. हे मी अनेकदा पाहिलंय आणि दरवेळी तितकंच आवडलंय.

या खेळाचा मेंदूवर काय परिणाम होतो, हेही तपासलं गेलं आहे. 2004 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात जर्मन संशोधकांचा निबंध आला. तीन महिने तीन चेंडू उडवायला शिकलेल्या मोठ्या माणसांच्या मेंदूत, हलत्या वस्तूंचा माग घेणाऱ्या भागातलं करडं द्रव्य वाढलेलं दिसलं. सराव सोडल्यावर ते पुन्हा कमी झालं. म्हणजे आजोबांनीही शिकायला हरकत नाही, आणि शिकून सोडायला मात्र आहे.

गेडीसाठी, म्हणजे चालायच्या उंच काठ्यांसाठी, बांबू माणगा जातीचा मिळाला तर उत्तम, तो भरीव असतो. पाच फुटांचे दोन, आणि जमिनीपासून फूटभर उंचीवर पाऊल ठेवायला आडवा तुकडा सुंभाने करकचून आवळलेला. लहानांना करवंट्या पुरे. मोठ्या नारळाच्या दोन करवंट्या पालथ्या, वरच्या भोकातून सुती दोरी आत घेऊन गाठ मारायची, दोरी अंगठ्यात धरून टकटक चालायचं. करवंटी माणसाचं वजन पेलते कारण तिचा घुमट आहे. वरचा भार चहूबाजूंनी कडेला उतरतो.

काठीवर फिरवायची थाळी विरीची करता येते. विरी रात्रभर पाण्यात ठेवली की नरम होते. गोल कापा, मध्यभागी खोलगट वाटी दाबून वर दगड ठेवा, वाळली की आकार धरते. ती हलकी असते, म्हणून कडेने काथ्याची दोरी शिवून घ्या. वजन कडेला गेलं की थाळी काठीच्या टोकावर जास्त वेळ फिरते. भोवराही त्याच न्यायाने मध्ये फुगीर नि खाली आरेला निमुळता असतो.

विरी मात्र विचारल्याशिवाय उचलू नका. वाडीत ती आळ्यात आच्छादनाला लागते, चुलीला लागते. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यातल्या नारळी-पोफळी आडव्या केल्या. नवं झाड धरायला पाच-सहा वर्षं जातात. ज्यांनी वाडी पुन्हा उभी केली, त्यांच्या अंगणातली विरी विचारून घेतलेलीच बरी. मागितली तर नाही कुणी म्हणत नाही.

जागाही बघून निवडा. देवळामागच्या प्रदक्षिणेच्या मार्गावर, लाटांनी जाळी पाडलेल्या त्या खडकांवर हे खेळ अजिबात नकोत. तिथे भरतीला लाट कधी येईल सांगता येत नाही आणि आजवर जीव गेलेले आहेत. ओहोटी लागल्यावर किनाऱ्यावरची ओली वाळू घट्ट होते. गेडी तिच्यात रुतत नाही आणि पडलं तरी लागत नाही. कोरड्या भुसभुशीत वाळूत मात्र गेडी फसते.

येत्या सुट्टीत हरिहरेश्वरला निघालात तर बॅगेत एवढं टाका: सहा जुने मोजे, सुई-दोरा, अर्धा किलो चिंचोके आणि सुती दोरीचं एक भेंडोळं. बाकीचं सामान वाडीत आहे.