सेप्सिस : घात जंतूंचा की प्रतिकाराचा?

जखम, न्यूमोनिया किंवा लघवीच्या मार्गाचं इन्फेक्शन यातून सुरुवात होते आणि बघता बघता एकेक अवयव निकामी होऊ लागतो. घरचे विचारतात, 'अँटिबायोटिक चालू होतं ना? मग असं कसं झालं?' प्रश्न रास्त आहे. त्याच्या उत्तरासाठी आपल्याला 'कारण' हा शब्दच जरा तपासावा लागेल.

जंतू शिरले की आपल्या पांढऱ्या पेशी काही प्रथिनं सोडतात. त्यांना सायटोकाइन म्हणतात. हे पेशींनी पेशींना धाडलेले निरोप. टीएनएफ, इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ ही त्यांतली मुख्य नावं. निरोप पोचला की रक्तवाहिन्या सैलावतात, झिरपू लागतात आणि लढणाऱ्या पेशींना वाट मिळते. एका बोटापुरतं हे घडलं तर बोट सुजतं, मग बरं होतं. तेच अंगभर एकदम घडलं तर रक्तदाब कोसळतो, बारीक वाहिन्यांत गुठळ्या होतात, मूत्रपिंड आणि फुप्फुसं थकतात. म्हणून २०१६ पासूनची व्याख्या सांगते, की सेप्सिस म्हणजे संसर्गाला शरीराने दिलेला, जिवावर बेतणारा बेताल प्रतिसाद.

याचा एक पुरावा आपल्या तळोज्याच्या शेजारचाच आहे. खारघरला टाटा मेमोरियल केंद्राची अ‍ॅक्ट्रेक ही संस्था आहे. तिथल्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांनी जिवंत जंतू टोचलेच नाहीत, जंतूंच्या आवरणातलं एंडोटॉक्सिन तेवढं दिलं. तरी सेप्सिस झाला! त्यांचं म्हणणं असं, की मरणाऱ्या पेशींतून क्रोमॅटिनचे, म्हणजे डीएनए आणि प्रथिनांचे, कण बाहेर पडतात आणि दाह आणखी भडकवतात. हे कण निष्प्रभ केल्यावर उंदरांची हानी टळली. माणसांबाबतचा निष्कर्ष मात्र एवढ्यावरून काढता येत नाही.

मग निरोपच अडवले तर? १९८५ मध्ये बॉयटलर आणि सेरामी यांनी टीएनएफविरोधी प्रतिपिंडं आधीच देऊन उंदीर वाचवले. माणसांत मात्र पदरी निराशा आली. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत टीएनएफ अडवणाऱ्या औषधाचा डोस वाढला तसे मृत्यूही जास्त दिसले. रुग्ण दवाखान्यात येतो तेव्हा निरोप केव्हाच सुटलेले असतात. शिवाय लढायला ते लागतातच. आजही आमवातासाठी टीएनएफ रोखणारं औषध देण्याआधी डॉक्टर क्षयरोगाची तपासणी करतात. कारण दबलेला क्षय पुन्हा डोकं वर काढू शकतो.

तेव्हा सायटोकाइन शत्रू की मित्र, हा प्रश्नच चुकीचा मांडलेला आहे. किती, कुठे आणि केव्हा, हे विचारायला हवं. आमच्या तत्त्वज्ञानाच्या भाषेत सांगायचं तर जंतू हे निमित्तकारण. पण हानी घडते ती आपल्याच पेशींच्या सामग्रीतून.

यातून घरी न्यायची गोष्ट अशी. इन्फेक्शन झालेला माणूस अचानक बरळू लागला, श्वास जोरात चालला, लघवी कमी झाली, हातपाय गार पडले, तर ताप नसला तरी 'सकाळी बघू' म्हणू नये, लगेच हॉस्पिटल गाठावं. केमोथेरपी चालू असेल तर नुसता तापही पुरेसा आहे. जंतूंना मारणारं औषध आणि सलाइन वेळेत मिळणं, हाच आजही सगळ्यात भरवशाचा उपाय आहे.

आता तुमचे प्रश्न घेऊ.